छान आहे, पण धरवत नाही

इंडोनेशियातल्या जेपारा गावच्या माणसाच्या हाती कोरं लाकूड देऊच नये. तो बोलता बोलता त्यावर पान काढणार. टोकाशी कुरळं झालेलं, वळसे घेत जाणारं, खास जेपाराचं पान. पलंगाच्या पाठीवर काढेल, दाराच्या चौकटीवर काढेल, काहीच मिळालं नाही तर बसायच्या बाकाला खालून काढेल, जिथे ते झुरळांशिवाय कोणी बघणार नाही. कांग कास्मादी तर या बाबतीत सगळ्यांचा बाप. कांग म्हणजे आपला दादा. साठी आली तरी अख्खी गल्ली त्याला कांगच म्हणते.

तरुणपणापासून त्याने पलंग कोरले, कपाटं कोरली, कुठल्या कुठल्या देशात जाणारी मोठमोठी झाडाफुलांची फळकुटं कोरली. मग एक दिवस कंबर धरली ती धरलीच. वाकून काम करायचं बंद झालं. पण घरी बसेल तो कास्मादी कसला! आजूबाजूच्या कारखान्यांत सागवानाचे हातभर तुकडे चुलीत जाताना बघून त्याचा जीव तुटायचा. ते गोळा करून आणायला लागला आणि पायरीवर बसून पेनं करायला लागला. साधी नाहीत हं. फुटबॉलच्या बुटासारखं पेन, व्हॉलीबॉल डोक्यावर घेतलेलं पेन, आणि सगळ्यात जास्त, बॅडमिंटनच्या रॅकेटचं पेन. मुठीत रिफिल, वर दोऱ्याने विणलेली गोल जाळी, आणि लिहायच्या टोकावर शटलच्या आकाराचं टोपण. तासाभरावरचं कुदुस म्हणजे बॅडमिंटनवेडं शहर. तिथली माणसं ही पेनं बघून हरखून जायची.

फक्त एकच भानगड होती. कास्मादी मुठीवर पानं कोरायचा. वरून खाली, सगळीकडून. दोन ओळी लिहिल्या की बोटांवर पानांचे ठसे उठायचे.

"अहो, बोटं दुखतात हो यानं," एखादं गिऱ्हाईक म्हणायचंच.

"मग लिहिता कशाला? बघा ना नुसतं!" हा वर त्यालाच सुनवायचा.

आता याच्या घरातच याचा पुरावा होता. मुलगी इस्नैनी आठ वर्षांची असताना सतरा ऑगस्टला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीत नेहमीसारख्या स्पर्धा लागल्या होत्या. बापे बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळत होते, आणि सिमेंटच्या कोर्टावर पोरांचं बॅडमिंटन चाललं होतं. इस्नैनीच्या जुन्या रॅकेटची मूठ मोडली होती. बापाने रातोरात सागवानाची नवी बसवली आणि हौसेने तिच्यावर गच्च वेल कोरली. पोरगी अंतिम सामन्यापर्यंत पोचली, समोर शेजारच्या मुन्जारीचा मुलगा. तोवर तळहाताला फोड आले होते. जोरात मारायला गेली आणि रॅकेट हातातून सुटून सरबतवाल्याच्या पातेल्यात पडली. सामना गेला, सरबतही गेलं. रडत रडत ती बापाकडे आली आणि एवढ्याशा तोंडाने म्हणाली, "छान आहे बापाक, पण धरवत नाही."

झालं! घराला म्हणच मिळाली. मासळीचं कालवण पानात वाढलं आणि ते चटका देत असलं, की छान आहे, पण धरवत नाही. नव्या जावेचा स्वभाव कसा, तर छान आहे, पण धरवत नाही. कास्मादीसुद्धा हसायचा. पण त्या दिवशीचा लेकीचा लाल तळहात तो विसरला नव्हता. ते त्याला आत कुठेतरी लागून राहिलं होतं.

आणि आता इस्नैनीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा वाहिब, कुदुसचाच, लहान पोरांना बॅडमिंटन शिकवणारा. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जाताना हातात काहीतरी भेट द्यायची ही आमची रीत. इस्नैनी बापाजवळ येऊन बसली.

"बापाक, भेट म्हणून तुमची रॅकेटची पेनंच द्यायची."

कास्मादी असा फुलला की विचारू नका. "अगं, अशी वेल काढतो की कुदुसवाले बघतच राहतील!"

"नाही. वेल नको."

"बरं, नुसती पानं."

"एक पानसुद्धा नको, बापाक. साधी, गुळगुळीत. एकदा तरी मला धरवेल असं काहीतरी करून द्या."

हसत म्हणाली ती, पण डोळे हसत नव्हते. कास्मादीने मान डोलावली. "दिला शब्द. एक पान नाही."

शब्द देणं सोपं असतं हो, हात कुठे ऐकतो? गुळगुळीत मूठ हातात आली की त्याची बोटं आपोआप बारीक पटाशीकडे जायची. शेवटी त्याने सगळ्या बारीक पटाश्या फडक्यात बांधल्या आणि बायकोला, मारफुआला म्हणाला, "या लपव. मी कितीही मागितल्या तरी देऊ नकोस." तिने त्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या. तर हा पठ्ठ्या भाजीच्या सुरीने अंगाच्या साबणावर पान काढून आला! मग पपईवर काढलं. मग आमटीत घालायच्या कंदावर.

"लग्नात मुलीला पानं उठलेला साबण देणार आहात का?" मारफुआ कावून म्हणाली.

"साबण तर साबण. पेनाला हात लावला का मी? नाही ना?"

नाहीच लावला. तीन-चारशे पाहुण्यांची पेनं त्याने केली आणि एकावरही रेघ ओढली नाही. मारफुआने आयुष्यभर कारखान्यात काचकागद घासलेला, तिने एकेक मूठ अशी घासली की बोट ठेवलं तर सटकावं. उन्हात तेल लावून ओळीने ठेवलेली ती पेनं बघून कास्मादीला प्रथम कसंनुसंच झालं, कोणीतरी आपले कपडे काढून घेतल्यासारखं. मग त्याने एक हातात धरलं. धरून बसला. बरं वाटलं त्याला.

लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं की रिफिली आखूड आल्यात. नमुन्याला एक पेन खिशात टाकून हा मोटारसायकलवरून कुदुसला गेला. दुकानदाराने बरोब्बर लांबीची रिफिल शोधली, त्या पेनात बसवून कागदावर गिरवून दाखवलं, आणि बाकीच्यांचा गठ्ठा बांधून दिला.

इकडे घरी रेवांग सुरू झालं होतं. लग्नघरी हातभार लावायला अख्खी गल्ली न बोलावता येते, त्याला आम्ही रेवांग म्हणतो. येणाऱ्याला नको म्हणायचं नाही, केलेल्या कामाला नाव ठेवायचं नाही. आपल्या घरी लग्न निघालं की तीच माणसं येणार असतात. बायका मागच्या अंगणात खोबरं किसत होत्या, बाप्यांनी मांडव घातला. तो लवकर आटोपला. कॉफी झाली, सिगारेटी झाल्या, आणि मुन्जारीची नजर ओसरीवरच्या चटईवर मांडलेल्या पेनांवर गेली.

"अरेरे!" तो म्हणाला. "बघा रे, बिचाऱ्या कांगला वेळच मिळाला नाही. सगळी कोरीच राहिली."

"एकुलती एक मुलगी, आणि भेट अशी नागडी?" दुसरा हळहळला.

"मग आपण कशाला आहोत?"

पुढचं काय सांगू! सगळे घरी पळाले आणि आपापल्या पटाश्या घेऊन आले. ओसरीवर, मांडवात, नारळाखाली, जागा मिळेल तिथे बसले. लाकडी मोगऱ्यांची ती टकटक ऐकून मागच्या बायकांना वाटलं, मांडवाचे खिळे ठोकतायत. मुन्जारीने पानं काढली, कोणी मोर काढला, कोणी नाग. एका म्हाताऱ्याने तर एका मुठीत पिंजऱ्यातला वाघ कोरला, मिशांसकट. बोलूनचालून जेपारातलेच हात. दुपार कलायच्या आत चटईवर एक पेन कोरं राहिलं नाही.

कास्मादी रिफिलींचा गठ्ठा घेऊन दारात उतरला तेव्हा सगळे ओळीने उभे होते, लाजत, हसत.

"कांग, जरा बघ तरी," मुन्जारी म्हणाला.

कास्मादीने बघितलं. तोंडाला आलेली शिवी त्याने मोठ्या कष्टाने गिळली. काय बोलणार? कोणाला बोलणार? त्यांनी बोटं झिजवली होती, प्रेमापोटी. तो म्हणाला, "किती घेतलेत रे कष्ट माझ्यासाठी!" आणि बोलताना त्याचा आवाज कापला. सगळ्यांना वाटलं, माणूस भारावला.

"यात काय कष्ट! तू माझ्या पोराच्या लग्नात मांडव नव्हता घातलास?" मुन्जारीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

नेमकी त्याच वेळी इस्नैनी मावशीकडून मेंदी लावून आली. हात वाळायचे होते म्हणून पुढे धरलेले. चटईसमोर थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती बापाच्या.

"छान आहेत," ती म्हणाली.

पुढचं 'पण' तिने गिळलं. बापाला ते ऐकू आलं. तिला वाटलं होतं, यानेच गल्ली जमवून कोरून घेतली. स्वतःच्या हाताने काढलं नाही, म्हणजे शब्दही मोडला नाही, असा हिशेब केला. हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलं होतं. आणि हा सगळ्यांदेखत सांगू शकत नव्हता, की पोरी, मी नाही गं केलं हे. सांगितलं असतं तर शेजाऱ्यांच्या तोंडावर थप्पड बसली असती.

संध्याकाळभर तो तिला एकटं गाठायला बघत होता. एकदा दाराशी गेला तर आतून दहा बायका ओरडल्या, "कांग, इकडे नवरीला उटणं चाललंय!" परत गेला तर आत्याने त्याच्याच हातात केळीची पानं दिली, पुसून दे म्हणून. लग्नघर ते. तिथे स्वतःशी बोलायला जागा नसते, लेकीशी कुठली? तो गुपचूप पानं पुसत बसला. इतकी वाईट पानं त्याने जन्मात बघितली नव्हती.

सकाळी मारफुआने त्याचा कालचा सदरा धुवायला घेतला. खिशात काहीतरी टोचलं. तिने ते बाहेर काढलं आणि धावतच आली.

"अहो! हे बघा काय!"

कुदुसला नेलेलं पेन. कोरं, गुळगुळीत, रिफिलीसकट. कास्मादीने झडप घालून ते घेतलं.

"कोणाला दाखवू नकोस," तो कुजबुजला. "मुन्जारीला दिसलं तर मोर काढेल."

"ठेवणार कुठे? तुमच्या लग्नाच्या कोटाला खिसाच नाही."

त्याने डोक्यावरची काळी टोपी काढली, पेन आडवं आत घातलं आणि टोपी घट्ट बसवली. मांडवात येताच मुन्जारी समोर. "कांग, टोपी वाकडी झालीय रे," म्हणत त्याने हात पुढे केला. कास्मादी असा मागे सरकला की खुर्चीवरच आदळला.

"लाजतोय बघा! नवरदेव हा आहे की तो?" मांडव हसला.

निकाह लागला. कास्मादीने लेक वाहिबच्या हाती सोपवतानाचे शब्द एका दमात म्हटले, वाहिबने एका दमात उत्तर दिलं, सगळ्यांनी दुवा मागितली. मग सह्यांसाठी वही उघडली गेली आणि काझीसाहेबांनी खिशातून आपलं पेन काढलं.

"थांबा," कास्मादी म्हणाला.

त्याने भर मांडवात टोपी काढली. काझीसाहेब गोंधळले. टोपीतून पेन निघालं तेव्हा तर त्यांनी चष्माच पुसला. कास्मादीने शटलचं टोपण काढलं आणि पेन लेकीपुढे धरलं.

इस्नैनीने ते घेतलं. मेंदी लावलेली बोटं मुठीवरून फिरली, वरून खाली, परत वर. एक पान लागेना. तिने पाहुण्यांसाठी टोपलीत भरून ठेवलेल्या पेनांवरच्या मोरांकडे, नागांकडे बघितलं. मग मुन्जारीकडे, त्याच्या अभिमानाने फुललेल्या तोंडाकडे. आणि मग तिला सगळं उमगलं. काल संध्याकाळपासून आपण बापाशी धड बोललो नाही, हे आठवून तिला इतकं भरून आलं की काजळ गालावर आलं. तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव. वाहिबने केली. मग पेन बापाच्या हाती देताना ती वाकून हळूच म्हणाली, "धरवतंय हो, बापाक."

बापाचीही सही हवी होती. पण त्याला ओळच दिसेना. काझीसाहेबांनी बोट ठेवून दाखवली तेव्हा कुठे जमलं.

एवढ्यात मुन्जारीची मान खांद्यावरून आत आली. "अरे कांग! हे एक राहूनच गेलं की! दे इकडे. पटाशी कमरेलाच आहे. काझीसाहेबांची कॉफी होईपर्यंत पान काढून देतो."

त्याने हात पुढे केला. मांडवात सगळे कौतुकाने बघत होते. आमच्या गल्लीत रेवांगला आलेल्या माणसाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. कास्मादीनेही आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, कालसुद्धा नाही.

"नाही," तो म्हणाला. "ते पुरं झालंय."

आणि टोपण लावून त्याने पेन लेकीच्या हातात दिलं.