सुदामची मान

रग्बीवाले आमी तिघं-चौघं चहाला बसलो की कुणाचं ना कुणाचं हाड ठणकायला लागतं, अन् हाड ठणकलं की किस्सा निघतो. ऐकणारे हसतात. हसा बापहो, आमीपन लई हसलो!

तवा खुल्या धोरणाचे दिवस होते. बीडच्या बाहेर परदेशी भागीदारीचा कारखाना आलता. त्याचा गोरा साहेब तरुणपणी रग्बी खेळलेला, त्याला कारखान्याची टीम पाहिजे होती. एकदा त्यानं रस्त्यात गाडी थांबवली. आमी डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढत होतो. चकलांब्याचा सुदाम सगळ्यांच्या पुढं, पळत. साहेबानं मॅनेजरला सांगितलं, "मला ह्या माना पाहिजेत!"

अट एकच. तीन सीझन एकही मॅच न चुकवता खेळा, मग परमनंट. सुदामची आई म्हणाली, "धडका मारायचा पगार? कावून रं, कंपनीचं कुणाशी भांडण लागलंय का?"

सुदाम म्हणला, "असंल. पर आपल्या घरातला कोयता सुटतोय न्हवं?"

*

उमापूरचा वीरभद्र, म्हणजे आमचा आप्पा, किराणा दुकानदाराचा पोरगा. वजनावर भरती झालेला. पहिल्या दिवशी कोचनं नियम सांगितला, "पळायचं पुढं, पण चेंडू हातानं मागंच द्यायचा."

आप्पानं चेंडू खाली ठेवला. "आपुन पुढं जायचं अन् माल मागं सोडायचा? असला धंदा आमच्या सात पिढ्यांत कुणी केला न्हाई!"

*

ह्याच आप्पाला मुंबईच्या मॅचमधे दोन दात गमवावे लागले. आठ दिवसांनी त्याच्यासाठी पोरगी बघायला गेलतो. डोळा सुजलेला, ओठाला टाके. पोरीच्या बापानं विचारलं, "काय करता?"

"खेळतो."

"अन् हे तोंड?"

"खेळूनच झालंय."

म्हातारा उठून उभा राहिला. "पिऊन झालं म्हणला असतास तर विचार केला असता!"

*

आता सुदामचं. आठ-आठ गड्यांनी डोकी भिडवून रेटायचं, त्याला स्क्रम म्हणतात. मी पुढच्या रांगेत मधे, सुदाम माझ्या उजव्या अंगाला. तिसऱ्या सीझनला सगळा ढीग त्याच्या मानेवर कोसळला. उठला, खेळला. पर दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. मग परत पडला.

बीडच्या डॉक्टरनं मानेचा फोटो काढला, उजेडात धरला. "खेळ आजपासून बंद. अजून एक धडक बसली तर जल्मभर खाटेवर."

सुदामनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणला, "डॉक्टरसाहेब, चारच मॅच ऱ्हायल्यात. तेवढी टिकंल का?"



*

त्या चार मॅच आमी खेळवल्या त्याला. बुटाची नाडी मी बांधायचो, शर्टाची गुंडी आप्पा लावायचा. स्क्रममधे त्याचा हात उठत नसायचा, मी त्याला काखेत आवळून उभा धरायचो. कोचला काय दिसायचं न्हाई, अन् दिसलं असंल तर बोलला न्हाई.

दुसऱ्या मॅचला त्याला म्हणलं, "सुदाम्या, घरी जा. हात जोडतो."

"तू जोड," तो म्हणला. "मला जमत न्हाई."

खोटं कावून बोलू? मला तवा हसू आलं. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मीच उभा केला त्याला, चारी मॅचला.

*

सीझन संपला अन् साहेब मायदेशी निघाला. टीम बंद. पर ज्यांचे तीन सीझन भरले होते त्यांना परमनंटची ऑर्डर मिळणार होती. मॅनेजरनं आदल्या दिवशी दम दिला, "अनफिट कुणी दिसला तर कागद तिथंच फाडणार!"

कारखान्यात मांडव घातला. समोर कामगार, त्यात सुदामची माय. सुदामचं नाव पुकारलं. मी त्याच्या मागंच उभा. साहेबाच्या डाव्या हातात ऑर्डरचं पाकीट, अन् उजवा हात शेकहँडला पुढं केलेला.

सुदामचा उजवा हात लोंबत होता. मॅनेजर बघत होता.

सुदामनं एकदा साहेबाकडं बघितलं, अन् वाकून सरळ त्याच्या पायांवर डोकं ठेवलं!

मांडव टाळ्यांनी दणाणला. साहेबाच्या डोळ्यांत पाणी. गडबडीत त्यानं पाकीट माझ्याच हातात दिलं. मॅनेजरसुद्धा टाळ्या वाजवायला लागला.

टाळ्या थांबल्या. सुदाम अजून खालीच.

मी वाकलो, काखेत हात घातला. मान हलत नव्हती. घामानं भिजला होता गडी. दात आवळून, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणला,

"आधी ऑर्डर माझ्या खिशात घाल बे. मग उठव."