चोरलच्या तळ्यावर एकेचाळीस चतुर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळणं. एक टोक माझी बायको सुमन हिच्या हातात, एक माझ्या. "अहो, उलटं पिळताय," ती म्हणाली. तिच्या छातीत कळ आली आणि चादर वाळायच्या आत ती गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही. शाळा सातवीपर्यंतच.

तीन महिने झाले. मुलगा महेश पुण्याहून रोज फोन करतो. "बाबा, इंदूरचं घर विका, इकडे या. एकट्याने जमणार नाही तुम्हाला." सोमवारी सांगतो म्हटलं.

रविवारी पहाटे वरच्या मजल्यावरची नेहा आली. ती कॉलेजात शिकवते. "काका, चोरलच्या जंगलात चतुर मोजायला चाललोय. एक माणूस कमी पडतोय." चतुर म्हणजे लांब शेपटीचे, हेलिकॉप्टरसारखे उडणारे किडे. मी पोलोग्राउंडच्या कारखान्यात तीस वर्षं बोल्ट तपासले. मोजायला मला कोण शिकवणार? निघालो.

महू मागे पडलं की सागाची झाडी लागते, हवा गार होते. पर्यटकांच्या खोल्यांपाशी चौकीदार रामसिंगजी वाट दाखवायला आले. तळ्याकडे उतरताना माझी चप्पल चिखलात रुतली. काठीने ती उचलून ते म्हणाले, "काकाजी, इसको भी गिन लूँ?"

नेहाने मला तळ्याचा एक कोपरा दिला. कारखान्याची रीत हीच, समोरून माल गेला की रेघ मारायची. लाल चतुर गेला, रेघ. गेला, रेघ. तासाभरात एकेचाळीस.

नेहाने कागद पाहिला. "एवढे लाल?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

ती शेजारी उकिडवी बसली. "त्या काडीकडे बघा." चतुर उडाला, फेरी मारून त्याच काडीवर बसला. दुसरा आला, त्याला हाकललं, पुन्हा काडीवर. "एकच आहे हो, काका. तेवढा कोपरा त्याचा."

"मकान-मालिक है, भिया," रामसिंगजी इंदुरी ढंगात म्हणाले.

"बाई कुठाय याची?" मी विचारलं.

"आत्ता तरी दिसत नाही."

"तरी जागा सोडत नाही?"

"नाही."

चाळीस रेघा खोडल्या. लाज वाटली आणि हसूही आलं.

दुपारी दाल-बाफले (कणकेचे गोळे उकडून, भाजून तुपात बुडवलेले). तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी परत वाढून घेतलं.

परतताना गाडीत ड्रायव्हर सोडून सगळे झोपले. मी जागा होतो. सुमन गेल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो. महेशला वाटतं म्हातारा भरकटला. मलाही तेच वाटत होतं. आता म्हटलं, फिरतोय तर फिरू दे, आपल्याच जागेत फिरतोय.

सोमवारी सकाळी महेशला फोन केला. "मी येत नाही. घर विकायचं नाही."

तो म्हणाला, "जेवणाचं काय?"

"पोळ्या जाड होतात. पण होतात."

फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.