डावरीचा वार

हॉलमध्ये तिला सगळे डावरी म्हणायचे आणि तिला ते आवडायचंही. दिवसभर ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि जीव मुठीत धरून "घाबरू नका, मी आहे" म्हणत राहायचं, हा तिचा धंदा. संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवरच्या हॉलमध्ये ती काठी शिकायला यायची. तिथे घाबरायचं काम इतरांकडे होतं.

त्याला कारण तिचा डावा हात. उजव्या हाताने मारणाऱ्याचा वार समोरच्याच्या डाव्या कानाकडे येतो, म्हणून नवशिक्या माणसाला आधी डावा हात वर घ्यायला शिकवतात. डावरीचा वार उलट्या बाजूने यायचा. काठीला जुनी चादर गुंडाळलेली असल्यामुळे लागायचं नाही, पण अब्रू जायची. बँकेचा पहारेकरी, अंगाने दणकट, तोसुद्धा दरवेळी चुकीचा हात वर करायचा आणि उजव्या कानावर फटका खाऊन ओशाळं हसायचा. वस्ताद म्हणजे निवृत्त पोस्टमन, अंगात मांस कमी आणि आवाज भरपूर. ते म्हणायचे, डावऱ्याचा वार पहिल्याच दिवशी अडवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हा डावा हात तिला बाबांकडून आला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान. ती डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेतल्या बाई ओरडल्या, तेव्हा बाबा शाळेत जाऊन तावातावाने भांडून आले होते. अशा माणसाला आई सोडून आली होती. एक बॅग आणि मुलीचं मनगट धरून ती मामाच्या दारात उभी राहिली, आणि का आलीस या प्रश्नाला तिने जन्मभर एकच उत्तर दिलं: आमचं जमलं नाही. पुढे सुट्टीत डावरी बाबांना भेटायला जायची तर आई मामाला बरोबर धाडायची. मामा दिवसभर कोपऱ्यात पेपर घेऊन बसायचा आणि तोच तोच पेपर वाचायचा. बाबांशी दोन शब्द मोकळेपणाने बोलू देत नाही म्हणून तिला आईचा असा संताप यायचा की विचारू नका. तो राग मोठेपणीही पुरता गेला नव्हता. आईला ती जपायची, तिचे गुडघे चोळून द्यायची, पण मनात कुठेतरी आरोपीच्या पिंजऱ्यात तिला उभं करून ठेवलेलं होतंच.

आता बाबा थकले होते. पुतण्याकडे राहायचे, तिथे पडले, पाय दुखावला, पुतण्याची बायको कुरकुरायला लागली. डावरीने ठरवलं, त्यांना आपल्या घरी आणायचं. आईला विचारलं तेव्हा ती पोळपाट धूत होती. म्हणाली, तुझं घर आहे, तू ठरव. आणि दुसऱ्याच दिवशी तिने आपली गादी गुंडाळून आतली खोली रिकामी केली आणि स्वयंपाकघराच्या कडेला अंथरूण टाकलं. डावरीला वाटलं, चला, शेवटी हिलाही पटलं. येत्या रविवारी बाबा यायचे होते.

त्या आठवड्यातली ही गोष्ट. आई लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची, आणि काम सुटलं की हॉलच्या बाकावर येऊन बसायची. मग मायलेकी बरोबर घरी जायच्या. बाकावर बसल्या बसल्या ती डुलकी काढायची. कोणी धपकन पडल्याचा आवाज आला तरी पापणी हलायची नाही. त्या दिवशी पहारेकऱ्याला ताप होता आणि डावरीला जोडीदार नव्हता. वस्तादांची नजर बाकाकडे गेली. म्हणाले, ताई, पाच मिनिटं उभ्या राहा, नुसता हात वर करायचा, लागत नाही. आई नको नको म्हणत उठली. सगळे हसत होते. डावरीही हसत होती. आईला जरा दचकवावं म्हणून तिने सांगता न सांगता काठी उचलली आणि डाव्या हाताने सरळ कानावर आणली.

वार अडला.

आईचा उजवा हात वर गेला होता. डावा नव्हे, उजवा. कोपर पुढे, मनगट कानाशी, हनुवटी छातीला टेकलेली. वस्ताद म्हणाले, परत. डावरीने परत मारला, या वेळी जोरात. परत अडला. तिसरा तिने वरून फसवून खालून आणला, तोही अडला. आईने एकदाही डोळे मिटले नाहीत. नवशिका माणूस डोळे मिटतोच, आणि हिचे टक्क उघडे. पण त्या डोळ्यांत लेक दिसत असल्याची काही खूण नव्हती. कोणाकडे बघत होती कोण जाणे. हॉलमधलं हसू कधीच थांबलं होतं.

"ताई, कुठे शिकलात?" वस्तादांनी विचारलं.

"घरीच," आई म्हणाली. पोळ्या कुठे शिकलात या प्रश्नाला द्यावं तसं साधं उत्तर.

वस्तादांच्या ध्यानात आलं नाही. अंगातला शिक्षक बोलत होता. "उजवा हात एकदम पक्का आहे. पण हा डावा मागे का जातो? तुमच्या मागे कोणी नाही."

तेव्हा डावरीने पाहिलं. आईचा डावा हात पाठीमागे गेलेला होता, पंजा पसरलेला, कमरेच्या जरा खाली. मागे एखादं लहान मूल उभं असतं तर त्याचं डोकं बरोबर तिथे आलं असतं. आईनेही मान वळवून आपल्याच हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"सवय," ती म्हणाली आणि हात पुढे घेऊन पदराला पुसला.

लहानपणीची आई आठवायला गेलं की डावरीला आईची पाठच आठवायची. ब्लाउजची शिवण, वेणीचा शेवट, खळीचा वास. आईने आपल्याला कधी तोंड दाखवलं नाही, सतत पाठ फिरवली, हे तिने मैत्रिणींना तक्रारीसारखं किती वेळा सांगितलं होतं. काठी तिच्या हातात तशीच होती, उचललेली, बाबांच्याच हातासारख्या हातात. तिला ती खाली ठेवता येईना. वस्तादांनी येऊन हळूच बोटं सोडवली आणि त्या दिवसाचा वर्ग सोडून दिला.

जिन्यावर तिने आईला गाठलं. मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं.

आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "तू त्यांचं नाव काढलंस की तुझा चेहरा फुलायचा. म्हटलं, पोरीकडे एक तरी चांगला बाप राहू दे."

"आणि रविवारी ते आले असते तर?"

"म्हातारे झालेत आता. हात कुठे उचलवतोय." मग जरा थांबून म्हणाली, "आतून कडी लागते स्वयंपाकघराला. मी बघून ठेवली आहे."

घरी येऊन डावरीने चपलाही काढल्या नाहीत. बाबांना फोन लावला. बाबा खुशीत होते, बॅग भरली म्हणाले, गोळ्या वेगळ्या ठेवल्या म्हणाले. तिने मध्येच तोडून विचारलं, तुम्ही आईला मारायचात का? तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. निदान गडबडतील. तिची सगळी आशा त्या गडबडण्यावर होती.

बाबा हसले. "अगं, किती जुनं उकरून काढतेस. रागाच्या भरात होतं कधी. पण तुझ्या अंगाला कधी बोट तरी लागलं का माझं? एकदा तरी? तूच सांग."

आई आत, तिच्याकडे पाठ करून, कुकर लावत होती. डावरीने फोन कानाशी घट्ट धरला.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "एकदाही नाही. म्हणूनच तुम्ही या घरात यायचं नाही. तुमच्यासाठी माणूस ठेवते, औषधपाणी बघते, पण इथे नाही."

बाबा कितीतरी वेळ विचारत राहिले, म्हणूनच म्हणजे काय.