दुखणाऱ्या कोपराची गोष्ट

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा इथे अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतात. ते आणि आई, दोघंही दहावीच्या पुढे शिकले नाहीत. त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं असतं, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या दोन परीक्षांत मी नापास झाले. तिसरीही गेली असती तर नर्सिंगचा प्रवेश हुकला असता. घरी मात्र मी "मस्त चाललंय" एवढंच सांगत होते.

वर्गात माझ्या शेजारी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बसायचे. ते पूर्वी व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर होते, म्हणजे बॅट्समनकडे बॉल फेकणारे. शाळेत कोच व्हायला डिग्री लागते, म्हणून आता शिकत होते. पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांना 'अंकल' म्हणाले.

"कुणाचा अंकल?" ते हसले. "तुझ्यासारखाच फर्स्ट इयरला आहे मी."

तिसऱ्या परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "प्रोफेसरना भेटलीस का?"

"त्यांच्या दारावर वेळ लिहिलीय, मंगळवारी दोन ते चार. तेव्हा त्या कामात असतात. मी त्या वेळात तिकडे फिरकतसुद्धा नाही."

ते बघतच राहिले. "अगं, ती वेळ विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीच ठेवलेली असते!"

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, भीती त्याहून जास्त वाटली. "पण जाऊन काय सांगू? काहीच येत नाही म्हणून? त्या म्हणतील, मग इथे आलीस कशाला?"

ते गाडीला टेकले. नऊ वर्षं ते खालच्या लीगमध्ये खेळले, बसने गावोगाव फिरत. वरच्या लीगचं बोलावणं एकदाच आलं, आणि तेव्हा त्यांचं कोपर महिनाभर दुखत होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्याला पाठवलं असतं.

"ट्रेनर रोज विचारायचा, हात कसा आहे? मी रोज म्हणायचो, एकदम छान." वरच्या लीगमधल्या चौथ्याच सामन्यात कोपरात काहीतरी फाटलं. ऑपरेशननंतर बॉलला तो वेग पुन्हा आलाच नाही.

"आधी सांगितलं असतं तर हात वाचला असता?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "तेच तर. अजून माहीत नाही."

मंगळवारी दोन वाजता मी प्रोफेसरांच्या मजल्यावर होते. तीनदा जिन्यापर्यंत परत गेले. एक मुलगी बाहेर पडली आणि दार उघडंच राहिलं, म्हणून मी त्यांना दिसले.

"ये ना," प्रोफेसर म्हणाल्या. त्यांनी मला फळ्यावर एक गणित सोडवायला दिलं. पहिली ओळ लिहिली. दुसरी अर्धी लिहून हात थांबला. मी त्यांच्याकडे वळले.

"मॅडम," मी म्हणाले, "मला इथून पुढचं काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्यापासून."