आवाजाच्या दोन चुली

घरात शुभकार्य ठरलं की आमच्या कुवेंपुनगरातले विजयेंद्रराव घर धुतात. झाडत नाहीत, धुतात. पंख्याची पाती, मीटरचा डबा, स्कूटरच्या चाकांच्या तारा, काही म्हणजे काही सुटत नाही. सगळी नोकरी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये झाली. भिंगं पुसून जागेवर गेल्याशिवाय त्यांनी कधी मुलांना घरी सोडलं नाही. अजूनही आख्खी गल्ली त्यांना 'सर' म्हणते.

तर मेव्हण्याच्या मुलीचं बारसं सरांच्या घरी करायचं ठरलं. त्यांनी पडदे धुतले, माळा धुतला, आणि आता फक्त हाच राहिला म्हणून लॅपटॉपही धुतला. पाण्याने नव्हे, देवाची कृपा. जिथे जिथे 'अपडेट करा' लिहिलेलं दिसलं तिथे तिथे बोट ठेवलं आणि जे जे जुनं वाटलं ते ते काढून टाकलं. मग समाधानाने आंघोळीला गेले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी तुळसीअक्का लॅपटॉपपाशी बसल्या, काहीतरी लिहून बटण दाबलं, आणि लॅपटॉप गप्प.

आता, तो लॅपटॉप म्हणजे अक्कांचा आवाज. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. म्हणून सरांनी ऑपरेशनच्या आधी रोज माइक लावून त्यांना पेपर वाचायला लावला. पण पेपर वाचताना अक्का बातम्या देणाऱ्या बाईसारख्या बोलायच्या. "ही कोण? ही माझी बायको नव्हे," म्हणत सरांनी मग माइक भाजीच्या पिशवीत लपवला आणि खरा ऐवज मिळाला. "अय्यो, ही काय वांगी आणलीत री? बिया मोजायला?" त्या तुकड्यांवरून सरांनी स्वतः खटपट करून एक प्रोग्राम बनवला. अक्का लिहायच्या आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्या घरच्या अर्ध्या मराठी अर्ध्या कन्नडमध्ये, तो बोलायचा. दुकानातला कुठलाही प्रोग्राम नवऱ्याला 'अहो'ऐवजी 'री' अशी हाक मारू शकत नाही.

मला सरांचा फोन आला. मी इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला, शिवाय भिंतीला भिंत लागून. "जरा येता का? तिचा आवाज मी धुऊन टाकलाय."

मी जाऊन बसलो. भानगड अशी होती. असे प्रोग्राम चालवायला लागणारी, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार पॅकेजेस आणून देणारा 'पॅकेज मॅनेजर' म्हणून एक प्रोग्राम लॅपटॉपमध्येच असतो. फार गुणी माणूस. सांबार करायचंय म्हटलं की डाळ, चिंच, मीठ सगळं न सांगता आणतो. सरांच्या प्रोग्रामला दोन मोठी पॅकेजेस लागत. एक अक्षरं वाचून त्यांचे उच्चार ठरवणारं, दुसरं त्या उच्चारांना आवाज देणारं. आणि त्या दोघांनाही आकडेमोडीसाठी एक तिसरं लागे. वाचणारं पॅकेज करणारा गृहस्थ कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता, त्यामुळे त्याला ते तिसरं जुनंच हवं. आवाजाचं पॅकेज आता नवंकोरं, त्याला तिसरंही नवंच हवं. आवाजाचं जुनं पॅकेज परत आणावं, तर ते या धुतलेल्या लॅपटॉपवर चालेना. आणि मॅनेजरचा नियम असा की एका घरात तिसरं एकच. जुनं आणलं की आवाजवालं उठून जायचं, नवं आणलं की वाचणारं रुसायचं. दर वेळी लाल अक्षरांत तोच निरोप: या दोघांच्या मागण्या एकत्र पुऱ्या होऊ शकत नाहीत.

"कुठल्या तरी एकाला समजावता नाही येत?" सरांनी विचारलं.

"नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत."

"मग कठीण आहे."

बारसं परवावर आलेलं. आणि बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. ही आत्या म्हणजे आमच्या अक्का. भुवन त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला न्हाऊमाखू घातलं ते अक्कांनीच. लग्नानंतर फार वर्षांनी त्याला मुलगी झाली तेव्हा अक्कांनी लॅपटॉपवर सगळ्यांत आधी लिहिलं होतं, "नाव मी सांगणार."

भुवनचा फोन आला. "भावजी, अक्काला उगाच ताण नको. रजनी सांगेल नाव. चुलत झाली तरी आत्याच ना?"

सरांनी निरोप सांगितला. अक्कांनी हाताशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, 'चालेल.' आणि आत गेल्या.

सर त्या पाटीकडे बघत राहिले. "संसारात ही बाई जेव्हा जेव्हा 'चालेल' म्हणाली," ते म्हणाले, "तेव्हा ते कधीही चाललेलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा लाल अक्षरांसमोर. अक्का कॉफी घेऊन आल्या, आमची तोंडं बघितली आणि पाटीवर लिहिलं, 'भांडण कशाचं?'

"मिठाचं," सर म्हणाले. "दोघींना स्वयंपाक करायचाय, डबा एकच. एकीला जुनं मीठ हवं, एकीला नवं."

अक्कांनी आमच्याकडे असं बघितलं की मी नकळत पाय खाली घेतले. मग लिहिलं, 'अत्तेंच्या वेळी काय केलं होतं?'

अत्ते म्हणजे सासूबाई. सर एकदम हसायला लागले. त्यांच्या आईचं कडक सोवळं, कांदा-लसूण घरात नाही, आणि अक्कांना कांद्याचं सांबार जीव की प्राण. शेवटी मागच्या अंगणात दुसरी चूल मांडली. पळी वेगळी, मिठाचा डबा वेगळा. आईंच्या चुलीवरचा भात झाला की उंबऱ्यापर्यंत यायचा, तिथून इकडचा हात तो उचलायचा. एकमेकींच्या डब्याला हात लावायचा नाही.

वेगळी घरं करून द्यायची युक्ती आमच्या धंद्यातही आहे, नाही असं नाही. पण सरांचा प्रोग्राम सलग विणलेला, मधे शिवणच नाही. तो कुठे उसवावा, यावरच आम्ही अडून बसलो होतो. उंबरा म्हटल्यावर सरांना ती जागा दिसली. वाचणाऱ्याने आपल्या घरात, आपल्या जुन्या मिठात उच्चार शिजवायचे आणि फाइलमध्ये घालून उंबऱ्यावर ठेवायचे. आवाजवाल्याने ते उचलून आपल्या घरी बोलायचं. मी सुचवत गेलो, सर उसवत गेले. दुपार कलली तेव्हा मॅनेजरने दोन्ही घरांत सामान पोचवलं. लाल अक्षर एक नाही.

अक्कांनी काहीतरी लिहिलं, बटण दाबलं. काही नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग, घोटभर उशिराने, "री, कॉफी तशीच आहे. कुणासाठी केली होती मी?"

सरांनी ती गारढोण कॉफी तीर्थासारखी एका दमात घेतली.

बारशाला दिवाणखाना भरलेला. पाळण्यात उशीपाशी छोटा स्पीकर, कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप घेऊन सर. अक्का वाकल्या, ओठ बाळाच्या कानाशी नेले. आत्या नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही बायकांची हक्काची मजा. पण ऑपरेशनपासून अक्कांना सगळे काचेच्या भांड्यासारखे जपत होते. हात उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले. त्यातून आवाजही येईना. भात अजून उंबऱ्यावर होता.

मग आला. एरवी वांग्यांवर चढणारा तो आवाज, सरांनी अगदी खाली उतरवलेला. "कुर्रर्र... पावनी."

बाळाने मान वळवली. पहिला धपाटा रजनीचा. "अक्का, इतकी वाट बघायला लावतात होय गं?" आणि मग सगळ्याच तुटून पडल्या. पाळण्यावर वाकलेल्या अक्कांचे खांदे गदगदत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नाही, त्यामुळे सर घाबरून स्टुलावरून उठले. "हळू! अहो, हळू मारा तिला!"

अक्कांनी मान वर न करताच मागे हात केला. बसा, असा. आणि पाठ तशीच वाकवून ठेवली.