पाच स्पीकर आणि भीमराजचा एक कान

भिंगारच्या बाजारात भीमराजचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं वायरलेस सेट उघडून-जोडून त्याचा हात बसलेला. रेडिओची नुसती खरखर ऐकून कुठला भाग गेलाय ते तो सांगायचा. पण सत्त्याण्णवच्या दिवाळीत दुकानापुढं अगदी जवळ सुतळी बॉम्ब फुटला आणि त्याचा डावा कान कायमचा बंद झाला.

हे फक्त त्याच्या बायकोला, सुमनबाईला माहीत होतं. "बहिऱ्याकडं रेडिओ कोण आणील?" असं म्हणून त्यानं तिलाही गप्प बसवलं होतं. गिऱ्हाईक डावीकडं उभं राहिलं की तो काहीतरी उचलायचं निमित्त करून उजवा कान पुढं करायचा.

दीड वर्ष असं निभावलं. मग एके दिवशी मागच्या गल्लीतला नितीन दुकानात आला. तो एमआयडीसीत नोकरीला होता. त्याची आई गोजरबाई सिनेमाची भारी शौकीन, पण काचबिंदूनं त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती.

"तिला ऐकून तरी चित्र उभं करता यावं, म्हणून मित्राकडून दुबईहून होम थिएटर मागवलं," नितीन म्हणाला. "कॉम्प्युटरवर डीव्हीडी लावतो, पण पुढचे दोनच स्पीकर वाजतात. मधला आणि मागचे दोन मुके. नगरचा एक मेकॅनिक म्हणतो, सेटच खराब आहे, परत पाठवा."

भीमराजला ठाऊक होतं, आवाज कुठल्या बाजूनं येतो हे कळायला दोन कान लागतात. पण नाही म्हणायचं, तर कारण काय सांगायचं? त्यानं "उद्या येतो" म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन कॉम्प्युटर सुरू करून ड्यूटीवर निघून गेला. खोलीत मधोमध खुर्चीवर गोजरबाई बसल्या होत्या. भीमराजनं आधी होम थिएटरच्या रिमोटवरचं चाचणीचं बटण दाबलं. हे बटण दाबलं की एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं खरखर येते. खरखर आली, पण कुठून? त्याला काही उमगेना. म्हणून तो एका स्पीकरवर हात ठेवायचा, तिथं थरथर लागली नाही की दुसऱ्याकडं धावायचा. तोवर आवाज तिसरीकडं गेलेला.

"काय पळापळ लावलीय रे भीमराज?" गोजरबाईंनी विचारलं.

तो थांबला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. "मावशी, मला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही," तो एका दमात बोलून गेला. "आवाज कुठून येतो ते मला कळत नाही. कुणाला सांगू नका."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "गेल्या साली रेडिओ घिऊन आल्ते, तवा म्या डावीकडून हाक मारली तर तू उत्तरच दिलं न्हाईस. उजवीकडून मारली, लगीच बोललास. तरी रेडिओ झ्याक झाला का न्हाई? बस खाली. आवाज कुटून येतो ते मी सांगते."

भीमराज खाली बसला. सारखा उजवा कान पुढं करून अवघडलेली त्याची मान किती दिवसांनी मोकळी झाली होती.

पुन्हा बटण दाबलं. गोजरबाई बोट दाखवत गेल्या, "ह्यो पुढं डावा... ह्यो मधला... आता उजवा... अन् हे दोन मागनं." पाचही बोलले. म्हणजे सेट ठणठणीत होता. खोट कॉम्प्युटरकडून येणाऱ्या आवाजातच होती.

त्यानं कॉम्प्युटर फिरवून मागं पाहिलं. वायर हेडफोनच्या भोकात होती. त्यातून दोनच स्पीकरांपुरता आवाज निघतो. शेजारी डिजिटल आवाजाचं नारिंगी भोक रिकामंच. केबल टीव्हीच्या वायरचा तुकडा घेऊन त्यानं दोन्ही टोकांना डाग देऊन पिना जोडल्या, एक टोक त्या भोकात, दुसरं होम थिएटरच्या डिजिटल भोकात लावलं. सिनेमा लावला. काहीच नाही! आता पाचही मुके.

मग भीमराजनं सिनेमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला एकेक इंग्रजी शब्द बोट ठेवत वाचून काढला. आवाजापुढं 'दोन स्पीकर' असं निवडलेलं होतं. त्यानं त्याखालचं 'डिजिटल' निवडलं. होम थिएटरवर निळा दिवा लागला आणि जंगलातल्या सिनेमाचा आवाज खोलीभर पसरला.

गोजरबाई दचकून मागं वळल्या. "अगं बाई! पाखरू माज्या पाठीमागं बोललं!" त्यांनी तोंडाला पदर लावला. "अन् हत्ती ह्या अंगानं निघालाय... त्या अंगाला गेला बग." त्यांचं बोट हवेत हत्तीबरोबर फिरत राहिलं.

भीमराजला पाखरू कुठं बोललं ते कळलं नाही. तो त्या बोटाकडं पाहत राहिला आणि हसू लागला.

त्या दुपारी दुकानात पहिलंच गिऱ्हाईक डावीकडं येऊन उभं राहिलं. भीमराजनं हातातलं काम ठेवलं आणि सरळ सांगितलं, "जरा या बाजूला या, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही." गिऱ्हाईक मुकाट्यानं उजवीकडं आलं आणि आपल्या टेपरेकॉर्डरची तक्रार सांगू लागलं.