बीपीच्या पट्ट्याचं झबलं

रत्नागिरीतल्या आमच्या रुग्णालयात मी सिस्टर आहे आणि संसर्ग आवरण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे दिवसभर "आधी हात धुवा" म्हणत फिरायचं आणि लोकांच्या डोक्यात जायचं. दोन्ही मला छान जमतं.

गेल्या वर्षी आयसीयूत दोन नंबरच्या खाटेवरच्या पेशंटला बुरशीचा संसर्ग झाला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी, हट्टी बुरशी. आठवड्याने तीच पाच नंबरला. मधल्या खाटा रिकाम्या. बुरशीला पाय नसतात, मग तिला नेलं कोणी? सफाईवाल्या मावशींच्या पोछ्याने, असं मी ठणकावून सांगितलं. मावशी कंत्राटी. डॉक्टर म्हणाले, "पोछ्यात सापडली, तर त्यांना काढावंच लागेल." मावशींचा नवरा जयगडच्या बंदरात पाठ दुखावून घरी बसलाय, हे मला ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

मग तपासणीचे नमुने घ्यायला मी खाटांचे कठडे, सलाइनचे स्टँड, पोछा, बादली, सगळ्यांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या. मावशी मागेच उभ्या होत्या.

"येक काडी ऱ्हायली ना वो सिस्टर? ती तुमच्या झबल्यावरना फिरवा."

झबलं म्हणजे बीपीच्या पट्ट्यावरचं कव्हर. घामाने रेक्झिन म्हाताऱ्यांच्या दंडाला चिकटतं, म्हणून मी माझ्या जुन्या सुती साडीतून शिवलेलं. सगळ्यांनी कौतुक केलं होतं. धुतलं तर काठाचा रंग जाईल, म्हणून ते पाण्यात घालायला मी सक्त मनाई केली होती. मावशींचं तोंड बंद करायला म्हणून मी ती काडी फिरवली.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून काड्यांचा अहवाल आला. पोछा स्वच्छ, बादली स्वच्छ. बुरशी झबल्यात. दोन नंबरच्या दंडावरून पाच नंबरच्या दंडावर मीच तिला साडी नेसवून पाठवली होती.

डॉक्टरांसमोर ते वाचताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वाचलं. मावशींची नोकरी टिकली. वेगळ्या औषधाने दोन्ही पेशंटही सावरले.

झबलं मी घाईघाईत, उघड्या हातांनीच संसर्गाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कोंबलं आणि तशीच मावशींकडे धावले. डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, मावशी," म्हणत त्यांचे हात धरायला गेले.

त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"माफी मग मागा वो सिस्टर. आधी हात धुवा."